मेंढरं बसलेली जमीन

कासुर्डीच्या हरिबा मदनेला कोणतंही काम सांगावं, पण सांगण्याआधी जरा विचार करावा, असं गावात सगळेच म्हणत. काम होणार यात शंका नसे. किती होणार, हा प्रश्न असे. लग्नघरी कोणी सहज म्हणावं, "हरिबा, जरा पाण्याचं बघ," की हा यवतवरून टँकर घेऊन हजर. शाळेच्या मास्तरांनी झेंडावंदनाला मैदानातलं गवत काढायला सांगितलं, तर यानं गवत काढलंच, वर अख्खं मैदान शेणानं सारवून दिलं, आणि सकाळी मास्तर कडक इस्त्रीच्या पांढऱ्या पँटीत सगळ्या गावासमोर घसरले. माणूस वाईट नव्हता हो. उलट इतका चांगला, की त्याच्या चांगुलपणाला आवर घालता घालता बायको गिताबाई टेकीला यायची.

हरिबाचा जन्म मेंढरांच्या मागे, कोकणच्या वाटेवर झालेला. चालता येण्याआधीच तो घोड्यावरच्या बिऱ्हाडात बसून घाट उतरला होता. पुढे कालव्याचं पाणी आलं, थोडं रान भिजायला लागलं आणि मदने मंडळी घर बांधून शेतकरी झाली. मेंढरांची खांड चुलतभाऊ ज्ञानदेवाकडे गेली. तो अजूनही शिरूरकडे घोडनदीच्या काठाकाठानं ती चारत फिरायचा. हरिबाची चाल मात्र काही बदलली नाही. रस्त्यानं एकटा निघाला तरी पुढे सगळी खांड चालली आहे अशा ढंगानंच चालायचा, आणि बोलायचाही तसाच, दोन वावरांपलीकडे ऐकू जाईल असा.

थोरली लेक स्वप्नाली पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात लागली तेव्हा तिला पहाटेच्या शटलला सोडायला तो सायकलवरून यवत स्टेशनात जायचा. गाडी हलली की फलाटाच्या टोकापर्यंत हात हलवत पळायचा. डब्यातल्या भाजीवाल्या बाया तिला विचारायच्या, "परदेशी चाललीस का गं?" आणि संध्याकाळी ती परत येते हे सांगताना स्वप्नालीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. धाकटा सुरज अभ्यासात यथातथा, पण अंगानं काटक. तो खडकीत जाऊन फौजेत सॅपर झाला. सॅपर म्हणजे पूल बांधणारे, रस्ते करणारे, आणि वेळ आली की सुरुंग पेरणारे आणि काढणारे जवान. यातलं शेवटचं काम सुरजनं घरी सांगितलं नव्हतं.

ते कळलं दोन हजार दोनच्या शेवटी. आदल्या वर्षी सीमेवर फौज गेली होती, मैलच्या मैल सुरुंग पेरले गेले होते. आता फौज मागं आली, पण सुरुंग काही आपल्या पायानं मागं येत नाहीत. ते काढायला सुरजची तुकडी तिथंच राहिली. पोटावर झोपायचं, लोखंडी सळई जमिनीत तिरकी हळूच खुपसायची, काही टणक लागलं तर बोटांनी माती बाजूला करायची, मग कोपरभर पुढं सरकायचं. त्याच्या शेजारच्या पट्टीत काम करणाऱ्या एका जवानाचा पाय घोट्यापासून गेला, हे त्यानं बहिणीला सांगितलं. बहिणीचा चेहरा बघून आईनं ते काढून घेतलं.

तेव्हापासून घरात रविवार हा एकच वार उरला. त्या दिवशी सुरजचा फोन यायचा, तोही शेजारच्या हौशीरामाकडे. हौशीराम शेवंती आणि भाजीपाला पिकवायचा, त्याची बायको धुरपदा. रविवारी सकाळपासून हरिबा आणि गिताबाई त्यांच्या ओटीवर जाऊन बसायचे. फोन वाजला की गिताबाई कोणालाही हात लावू द्यायची नाही. जेवलास का, थंडी आहे का, काही विचारायची नाही. एकच प्रश्न.

"उभा हायेस का बसलायस?"

"उभा हाय, आये."

एवढं ऐकलं की ती रिसीव्हर नवऱ्याच्या हातात द्यायची आणि पदरानं तोंड पुसायची.

पुढच्या उन्हाळ्यात स्वप्नाली सुट्टीला घरी आली ती उड्या मारतच. शिक्षण संपवून ती कॉलेजातच निमकर सरांच्या हाताखाली कामाला लागली होती आणि पुण्यातच राहायला गेली होती. सर एक गाडी बनवत होते. हातानं ढकलायची, सुरुंगावरून गेली तरी तो फुटू नये इतकी हलकी, खाली जमिनीलगत एक चपटी पेटी, वर पडदा. तीत रडार होतं, पण आकाशाकडे बघणारं नव्हे, जमिनीत बघणारं.

"लोखंड हुडकायचं यंत्र हाय की फौजेकडं," हरिबा म्हणाला. सुरजनं त्याला तेवढं सांगितलं होतं.

"आबा, आताचे सुरुंग प्लॅस्टिकचे असतात. लोखंड नखाएवढं. ते यंत्र एकतर गप्प बसतं, न्हाईतर प्रत्येक खिळ्याला बोंबलतं." तिनं बाजरीच्या पिठाची परात पुढं ओढली, त्यात एक वाटी पालथी पुरली आणि वरून बोट फिरवत समजावलं. पेटी जमिनीत लाट सोडते. खाली काही वेगळं असलं की लाट आपटून परत येते. गाडी लांब असते तेव्हा उशिरा येते, डोक्यावर आली की लवकर, पुढं गेली की पुन्हा उशिरा. म्हणून पडद्यावर कमान उमटते, उपड्या सुपासारखी.

"म्हंजी डोंगराला हाळी घातल्यागत!" हरिबा ओरडला. "जवळ गेलं की लगीच, लांबून घातली की वाईच थांबून!"

"तसंच. फक्त दगड, मुळं, उंदरांची बिळं, सगळीच हाळीला ओ देतात. त्या गोंगाटातून सुरुंगाची ओ तेवढी वेगळी काढायची, ते काम माझं. चित्रातला जमिनीचा आवाज पुसायचा आणि कमान वर आणायची."

गिताबाईनं परातीतली वाटी काढली, झटकली आणि विचारलं, "सुरजच्या हातात कवा पडंल?"

"चाचणी पास झाली की पहिली गाडी त्याच्याच तुकडीकडं जायची आहे."

झालं. दुसऱ्या दिवशी यवतच्या चहाच्या टपरीवर बसगाडीची वाट बघणाऱ्या प्रत्येकाला कळलं, की हरिबा मदनेच्या लेकीला जमिनीच्या पोटातलं दिसतं. त्यातले दोघं तर आपल्या विहिरीला पाणी कुठं लागेल ते विचारायला घरी येऊन गेले.

चाचणीला जागा हवी होती. पुण्यात जिथं खणावं तिथं पाइप, केबल, नाहीतर जुनं भंगार. स्वप्नालीनं आपल्या माळाकडची पट्टी सुचवली. तिथं पिढ्यान्‌पिढ्या मेंढराखेरीज कोणी फिरकलं नव्हतं. सर येऊन बघून गेले, त्यांना ती कोरडी मुरमाड जमीन फार आवडली. निघताना स्वप्नाली बापाला म्हणाली, "आबा, दगड-काटे तेवढे वेचून ठेवा. बाकी काही करू नका."

आता हरिबाला बाकी काही करू नका म्हणणं म्हणजे काय, ते तुम्हीच समजून घ्या.

त्यानं दगड वेचले, काटे जाळले, आणि मग उभा राहून त्या पट्टीकडे बघितलं. पाट्यासारखी टणक जमीन. पुण्याचे सर येणार, फौजेचे मेजर येणार, खड्डे खणणार. पहिल्याच घावाला त्यांच्या हाताला फोड यायचे. लेकीची अब्रू काय राहील? धनगराला एखाद्या जमिनीचा मान करायचा झाला तर त्याच्यापाशी एकच मोठी गोष्ट असते. तो तिच्यावर मेंढरं बसवतो. लेंड्यांच्या खतासाठी लोक दाणागोटा देऊन, हातापाया पडून खांड आपल्या वावरात बसवून घेतात. मग पोटच्या पोरीच्या वावरात का नको? हरिबानं शिरूरला निरोप धाडला. ज्ञानदेव खांड घेऊन आला, दोरीच्या जाळीची वाघर लावून पट्टीवर मेंढरं कोंडली, आणि आठवडाभर तिथंच बसवली. मेंढरं उठल्यावर हरिबानं हौशीरामाच्या मोटरीचा पाइप ओढून पाणी सोडलं, कुळव फिरवला, लेंड्या मातीत मिसळल्या, वरून फळी मारून सारं सपाट केलं. पाइप एका टोकापर्यंत पोचला नाही, मेंढरंही त्या बाजूला बसली नव्हती, म्हणून तेवढा तुकडा कोरडाच राहिला. त्याची त्याला फार रुखरुख लागली.

चाचणीच्या सकाळी जीप आली. निमकर सर, स्वप्नाली, मेजरसाहेब आणि दोन जवान उतरले. हरिबानं नवा पटका बांधला होता आणि गिताबाईनं चुलीवर एवढा चहा ठेवला होता की अख्खी पलटण प्याली असती. सरांनी जमिनीकडे बघून भुवया चढवल्या.

"ओल दिसतेय."

"वाईच शिपडलंय सर, धुरळा बसावा म्हनून," हरिबा म्हणाला. त्याच्या मापानं ते वाईचच होतं.

खोटे सुरुंग म्हणजे प्लॅस्टिकचे डबे, आत दारूच्या जागी मेण. सर आणि स्वप्नाली पाठ करून उभे राहिले आणि मेजरांनी स्वतः जवानांना घेऊन ते पुरले, म्हणजे कुठं आहेत ते दुसऱ्या कोणाला कळू नये. फावडं लोण्यात सुरी जावी तसं जात होतं. "वाह चाचा," मेजर म्हणाले, "ज़मीन तो बढ़िया बनायी है!" हरिबाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यानं बांधावर जमलेल्या मंडळींकडे बघून मिशीवरून हात फिरवला.

गाडी निघाली. स्वप्नाली ढकलत होती, सर छत्री धरून पडद्यावर डोळे लावून चालत होते. एक फेरी झाली. दुसरी झाली. पडद्यावर एकसारखा राखाडी रंग, वर हिरवा दिवा. हिरवा म्हणजे खाली काही नाही.

हरिबानं सरांच्या खांद्यावरून डोकावून बघितलं आणि आनंदानं ओरडला, "साफ हाय! एकदम साफ!"

कोणीच हसलं नाही. मेजरांना ठाऊक होतं की गाडी आतापर्यंत निम्म्या सुरुंगांवरून गेली आहे. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग सरांकडे. सरांनी केबल तपासली, पेटी तपासली, यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. तिसरी फेरी. हिरवा दिवा. स्वप्नालीचं तोंड उतरलं. ती खाली बसली, मूठभर माती उकरली, नाकाशी नेली, आणि डोळे मिटून घेतले. लहानपणी ती याच वासात झोपली होती.

"आबा, हितं मेंढरं बसवली व्हती?"

"मंग!" हरिबा छाती काढून म्हणाला. "ज्ञानदेवाची सगळी खांड. शिरूरास्नं आणली. आन् पानी बी सोडलंय पोटभर."

सरांनी छत्री मिटली. मग तिनंच बापाला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं. मेंढरांच्या मुतात खार असतो. त्यात पाणी मिसळलं की माती लाट शोषून घेते. हाळी डोंगरापर्यंत पोचतच नाही, वाटेतच मरते. मग ओ कुठनं येणार?

हरिबाचा पटका एकदम जड झाला. बांधावरचे लोक आपल्याकडे बघताहेत हे त्याला बघितल्याशिवायही कळत होतं. त्याला रडू येत होतं आणि रडायलाही जागा नव्हती.

तेवढ्यात स्वप्नालीचं लक्ष पाणी न पोचलेल्या टोकाकडे गेलं. "सर, तो तुकडा कोरडा आहे!" पहारी आल्या, आता खरोखरच हातांना फोड आले, पण डबे पुरले गेले. गाडी पुन्हा निघाली. आणि पडद्यावर खालून वर उमलत, साफ, गोल, उपड्या सुपासारखी कमान आली. लाल दिवा लागला. पुढं आणखी एक कमान. आणखी एक! मेजर प्रत्येक लाल दिव्याला हातातली काठी आपटून "है!" म्हणत होते, बांधावरची पोरंसोरं त्यांच्याबरोबर "है!" म्हणून ओरडत होती. मध्येच एका दगडाची ओ आली, तिला स्वप्नालीच्या यंत्रानं ओळखून सोडून दिलं, तेव्हा तर सरांनी छत्रीच हवेत उडवली. एकही डबा सुटला नाही.

"सरहद पर तो रेत है, सूखी," मेजर म्हणाले. "हमारे लिए इतना काफ़ी है. अगले महीने भेज देंगे."

गिताबाई चहाची किटली घेऊन आली होती. तिनं ते ऐकलं आणि किटली खाली ठेवून दोन्ही हात जोडले. कोणाला, ते तिलाच ठाऊक.

एवढ्यात धुरपदा धावत आली. "भावजी, सुरजचा फोन! चाचनी कशी झाली इचारतोय!"

हरिबा गेला. पहिल्यांदाच गिताबाईच्या आधी रिसीव्हर त्याच्या हातात आला. "पोरा, यंत्र पास झालं," तो म्हणाला, "पर तुझ्या बानं आधी सगळी माती केली बग." आणि मेंढरांपासून सगळं सांगितलं. पलीकडून हसू ऐकू येईल असं त्याला वाटलं होतं. सुरजनं उलट विचारलं.

"आबा, पडद्याव काय दिसलं म्हनालासा?"

"साफ. हिरवा दिवा."

"आन् खाली सुरुंग व्हते?"

"व्हते की. तितंच पुरल्याले."

"आबा, हितं बी शेतं हायत. नुसती वाळू न्हाई. कालवा पाझरतोय, रानात पांढरं मीठ फुटलंय. आन् हितली मेंढपाळ मान्सं आपल्यागतच वावरात मेंढरं बसवत्यात, वर्सानुवर्सं. सुरुंग त्याच वावरांत हायत. लोकान्ला पेरायचं हाय, म्हनून तीच पयली मोकळी करायची हायत आमाला."

रिसीव्हर ठेवून हरिबा पळत सुटला. हौशीरामाच्या शेवंतीतून, पाटाच्या कडेनं, धोतराचा सोगा हातात धरून. लांबून जीपभोवती माणसं दिसत होती, पेढ्याचा पुडा फिरत होता. आणि बांधावर येऊन तो थांबला. आयुष्यात कधी न थांबलेला माणूस थांबला. कारण पळता पळता त्याला कळलं होतं, की आपण आता जे सांगणार त्यानं गाडी इथंच अडकणार. महिना, सहा महिने, कोण जाणे. तोवर सुरज पोटावर झोपून सळई टोचत राहणार. त्याच्या शेजारचा टोचत होता तसाच. नाही सांगितलं तर गाडी जाईल. सुरजच्या पुढं चालेल, मेंढरं बसलेल्या वावरात हिरवा दिवा दाखवील, आणि सुरज उठून उभा राहील आणि पाऊल टाकील. साफ हाय, एकदम साफ. मघाशी आपणच ओरडलो होतो.

"थांबा!" तो बांधावरून ओरडला. या खेपेला आवाज दोन नव्हे, चार वावरांपलीकडे गेला असेल. "गाडी धाडू नगा! ती खोटं बोलतीय!"

सुरजनं सांगितलेलं ऐकल्यावर सगळ्यात आधी निमकर सर उठले. त्यांनी हातातला पेढा परत पुड्यात ठेवला. "आम्हाला नमुना वाळूचा आला होता," ते म्हणाले, "पण विचारायला आम्हीच हवं होतं." मेजरांनी टोपी काढून डोकं खाजवलं, शेतं आहेत हे कबूल केलं, आणि स्वच्छ सांगितलं की मग हे यंत्र इथून हलणार नाही. स्वप्नाली मातीच्या त्या भिजल्या पट्टीकडे बघत उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती होती की उत्साह, हे हरिबाला ओळखता येईना.

गिताबाईनं किटली उचलली. "तुमी सांगितलं? तुमच्या तोंडानं?" एवढंच ती म्हणाली आणि घराकडे चालू लागली. पुढं कितीतरी दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. हरिबाला ते शिव्यांपेक्षा कठीण गेलं. तिचं चुकलं असं त्याला कधी वाटलंही नाही.

पण काय सांगू, त्यानंतरचे आठवडे म्हणजे हरिबाच्या जन्माचं सार्थक होतं. आतापर्यंत सगळ्या जगानं त्याला "पुरे" म्हणून सांगितलं होतं. आता निमकर सर रोज येऊन म्हणायचे, "हरिबा, अजून." या चौकोनात मेंढरं दोन रात्री बसवा, त्या चौकोनात आठवडाभर. इथं पाणी सोडा, तिथं मिठाचं पोतं रिकामं करा. ज्ञानदेवाला शिरूरला परत जायची सोय उरली नाही. सरकारी कामावर असलेली त्याची मेंढरंही जरा ताठ मानेनं चरू लागली, असं हौशीराम म्हणायचा. स्वप्नाली उन्हात गाडी ढकलायची आणि सावलीत बसून चित्रांशी झटापट करायची. एकाच रेषेवरून अनेकदा गाडी फिरवून ती चित्रं एकावर एक बसवायची. गोंगाट प्रत्येक वेळी वेगळा, तो एकमेकांत मरायचा. कमान दर वेळी तिथंच, ती ठळक व्हायची. एके दुपारी ती किंचाळली तेव्हा साप निघाला म्हणून हरिबा काठी घेऊन धावला. पडद्यावर ओल्या खारट मातीतून, पुसट, मोडकी, पण कमान आली होती! बापलेक त्या चिखलात नाचले. सरांनी आधी आजूबाजूला बघून घेतलं, आणि मग तेही नाचले.

तरी काही जागा अशा राहिल्याच की जिथं लाट बोटभर जाऊन मरायची. तिथं काही करता येईना. तेव्हा स्वप्नालीनं वेगळंच केलं. लाट किती खोल जिवंत राहते ते यंत्र स्वतःच मोजील असं केलं, आणि लाल-हिरव्याच्या जोडीला तिसरा दिवा बसवला. पिवळा.

"ह्यो कशाचा?" हरिबानं विचारलं.

"दिसत नाही, असं सांगणारा."

"अगं, सरकारी यंत्र आन् दिसत न्हाई म्हनतंय? लोक हसतील की!"

"हसू देत. काही नसणं वेगळं आणि काही न दिसणं वेगळं, आबा. त्या दिवशी यंत्रानं तेवढं सांगितलं असतं तर मला माती हुंगायला लागली नसती. पिवळा लागला की पुढं पाऊल टाकायचं नाही. तिथं खाली झोपायचं आणि सळई काढायची."

चुलीपाशी भाकरी थापत गिताबाई ऐकत होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि नवऱ्याच्या ताटात पहिली वाढली. कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिनं त्याला विचारलं, "लोनी घेता का?" आणि हरिबानं इतकं लोणी घेतलं की तिला पुन्हा ओरडावं लागलं.

पावसाळा सरता सरता दुसरी चाचणी झाली आणि गाडी गेली. जीपमागं हरिबा पुणे-सोलापूर हायवेपर्यंत हात हलवत पळाला. या खेपेला स्वप्नालीला लाज वाटली नाही.

मग थंडीतला एक रविवार. हौशीरामाच्या ओटीवर शेवंतीच्या पाट्या भरून ठेवल्या होत्या, त्यांच्या मध्ये दोघं बसले होते. फोनला उशीर झाला. फार उशीर झाला. वाजला तेव्हा गिताबाईनं तो पहिल्याच घंटेला उचलला.

"उभा हायेस का बसलायस?"



"आज बसलोय, आये."

गिताबाईनं रिसीव्हर छातीशी धरला. तिच्या तोंडाचा रंग गेलेला बघून हरिबानं तो आपल्या कानाला लावला.

"दोनी पाय हायत, आबा. आयेला सांगा, दोनी हायत. नुसते कापाय लागल्यात, म्हनून बसलोय." सुरज धापा टाकत बोलत होता, आता त्याच्या आवाजात हसू होतं की रडू होतं कळत नव्हतं. "वावरात गाडी चालली व्हती. हिरवा, हिरवा, हिरवा. मी मागनं उभा चालत व्हतो. एकदम पिवळा लागला. तसाच खाली पडलो, पोटाव. सळई खुपसली. हातभर अंतराव घावला. तिथंच पाऊल पडनार व्हतं माझं, आबा."

हरिबानं ते सगळं गिताबाईला सांगितलं, मोठ्यानं, हौशीरामाला, धुरपदाला, पाट्यांमधल्या शेवंतीलाही ऐकू जाईल असं. मग तो परत फोनमध्ये वाकला आणि हळूच विचारलं, "मेंढरं बसली व्हती का रं तितं?"

"बसली व्हती, आबा. सुरुंग पेरायच्या आदी. बोटांनी माती सारली तर खाली लेंड्याच लेंड्या."

हरिबा खाली बसला. पटका काढून त्यानं तोंडाला लावला. गिताबाईनं त्याच्या हातातून रिसीव्हर घेतला, दोन्ही हातांनी धरला.

"सुरज," ती म्हणाली, "ऊठ बरं आता. उभा राहून बोल."

तारेत थोडी खरखर झाली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"उठलो, आये."